मामींचा लॅपटॉप आणि साटंलोटं

कॉम्प्युटरमधलं मला फार कळतं, अशी अफवा मी स्वतः कधी पसरवली नाही. मी ती फक्त खोडून काढली नाही.

अफवेचा उगम माझ्या सासरी, कुरुंदवाडला झाला. लग्नानंतर चार-पाच वर्षांनी एकदा तिथला प्रिंटर रुसला होता. घरातली सगळी मंडळी त्याच्याभोवती उभी होती. मी जावई, म्हणून मला भिंतीकडची मोकळी जागा दिलेली. सहज खाली बघितलं तर प्रिंटरची पिन बोर्डातून अर्धी बाहेर आली होती. मी ती पायाच्या अंगठ्यानं आत ढकलली. प्रिंटर खर्र करून जागा झाला आणि त्यानं कागद बाहेर टाकला. अंगठा कुणालाच दिसला नाही. सगळ्यांना दिसला तो माझा शांत, विचारी चेहरा. (त्याच आठवड्यात मला चष्मा लागला होता. त्याचाही परिणाम झाला असणार.)

वास्तविक मी ठिबक सिंचनाच्या नळ्या विकतो. कोल्हापुरात ऑफिस आणि चार तालुक्यांत फिरती. पण त्या दिवसापासून सासरच्या कुठल्याही यंत्राला काही झालं, की मला बोलावणं यायचं. मी जायचो, यंत्राकडं बघायचो, "हं" म्हणायचो, आणि निम्म्या वेळा ते आपोआप चालू व्हायचं. उरलेल्या निम्म्या वेळा मी म्हणायचो, कंपनीचाच दोष आहे.

मामी म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं बायकोच्या आईला मामी आणि वडिलांना मामा म्हणतात. मामींचा उद्योग लग्नं जमवण्याचा. कुरुंदवाड, जयसिंगपूर, इचलकरंजी, खाली निपाणीपर्यंतच्या आमच्या जैन समाजातली स्थळं त्यांच्याकडं नोंदवलेली असतात. त्या एक पैसा घेत नाहीत. लग्न जमलं की साडी घेतात आणि मोडायला आलं की दोन्ही घरांना जाऊन झापतात. आधी हे सगळं लांबट वह्यांमध्ये होतं. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी एक लॅपटॉप घेतला, जुन्या वह्यांसकट सगळी माहिती त्यात भरून घेतली, वह्या रद्दीत दिल्या, आणि तेव्हापासून तो काळा लॅपटॉप हीच मामींची वही झाली.

अकरा वर्षांत लॅपटॉप म्हातारा झाला. सकाळी मामी बटण दाबायच्या, मग कुकर लावायच्या. तिसऱ्या शिट्टीला पडद्यावर चित्र यायचं. एखाद्या मुलीचा फोटो उघडायचा म्हणजे आधी कपाळ दिसायचं, मग भुवया, मग मध्ये बराच वेळ काहीच नाही. एकदा टाकवड्याची मंडळी मुलासाठी स्थळ बघायला आली होती. फोटो नाकापर्यंत उतरेस्तोवर मुलाच्या आईनं समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी मुलगी बघितली, चौकशी केली, आणि पुढच्या महिन्यात ते लग्न झालंसुद्धा. मामींना साडी तर नाहीच, पत्रिकाही हातात नाही, पोस्टानं आली.

हा अपमान मामींच्या मनाला फार लागला. त्यातच जयसिंगपूरला वधू-वर मेळावा ठरला. मोठा हॉल, पडद्यावर एकेका मुला-मुलीची माहिती दाखवायची, आणि ते दाखवण्याचा मान मामींचा. दोनेक आठवडे हातात होते. असल्या लॅपटॉपवर मेळावा घेतला असता तर मुलं-मुली हॉलमध्येच वयाची अट ओलांडून गेली असती.

माझे साडू अभिजित पुण्याला असतात. ते खरोखरच कॉम्प्युटरमध्ये काम करतात. (म्हणजे त्यांना त्याचा पगार मिळतो. मला नुसता मान मिळतो.) ते फोनवर म्हणाले, नवीन लॅपटॉप घेऊन टाका. मामींना ते पटलं नाही.

"ह्याला काय झालंय? चालतंय की," त्या म्हणाल्या. "जरा सावकाश चालतंय, एवढंच. माणूस सावकाश चालाय लागला म्हणून आपण दुसरा आणतोय व्हय?"

असं म्हणून त्यांनी मामांकडं बघितलं. मामांनी हातातलं वर्तमानपत्र थोडं वर धरलं.

मग अभिजितनी दुसरा उपाय सांगितला. जुन्या लॅपटॉपच्या आत फिरणारी तबकडी असते, सगळी माहिती तिच्यावर असते, आणि तीच दमलेली असते. ती काढून त्या जागी एसएसडी नावाची, न फिरणारी नवी डिस्क घातली की तोच लॅपटॉप पळायला लागतो. मामींना हे आवडलं. गुडघा बदलण्यासारखंच झालं, त्या म्हणाल्या. आता हे करणार कोण, हा प्रश्न आलाच नाही. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि माझ्या तोंडून "हं" निघालं.

अभिजितनी मला वेगळा फोन केला. वयानं आणि नात्यानं मी मोठा, म्हणून ते मला अण्णा म्हणतात. म्हणाले, "अण्णा, ह्या डिस्का तीन-चार प्रकारच्या येतात. विकत घ्यायच्या आधी मागचं झाकण काढून आत कुठली बसते ते बघा. मला फोटो पाठवा, मी सांगतो."

"तेवढं कळतं मला," मी म्हणालो.

ह्या एका वाक्यानं पुढचं सगळं घडलं. मी रोज शेतकऱ्यांना बजावतो, की पाटील, सोळाच्या नळीला वीसचा जोड बसत नाही, आधी माप घ्या आणि मग खरेदी करा. पण ते नळीबद्दल होतं. मी घरी बसून तीन व्हिडिओ बघितले. तिन्हीत एक मुलगा हिंदीत ओरडून सांगत होता की एनव्हीएमई नावाची डिस्क सगळ्यांत वेगवान, एकदम मक्खन. कुठल्या लॅपटॉपला बसते हेही तो सांगत असावा. पण ते व्हिडिओच्या शेवटी होतं, आणि मी मक्खनपर्यंतच बघितलं.

शाहूपुरीत कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं एक दुकान आहे. तिथले मालक पन्नाशीचे, चष्मा कपाळावर चढवलेले. मी एनव्हीएमई मागितली.

"लॅपटॉप कुठला हाय, पावणं?"

"काळा."

"काळा व्हय," ते म्हणाले. "आणि मॉडेल?"

"जुनं आहे."

"जुनं आणि काळं." त्यांनी चष्मा खाली घेतला आणि मला नीट बघून घेतलं. "ही काय चप्पल न्हाय पावणं, नंबर अंदाजानं सांगायला. झाकण काढून बघितलंय न्हवं?"

बघितलंय, असं मी सांगितलं. त्यांनी खोक्यातून एक डिस्क काढून दिली. ती बघून मला जरा धक्काच बसला. च्युइंगमच्या पट्टीएवढीच होती. एवढ्याशा पट्टीत तीन तालुक्यांतली लग्नाळू पोरं-पोरी मावणार, ह्याचंच मला कौतुक वाटलं.

शनिवारी मी आणि सुजाता, म्हणजे माझी बायको, कुरुंदवाडला गेलो. मामींनी टेबलावर धुतलेला पंचा अंथरला होता आणि स्क्रू ठेवायला वाटी दिली होती. शेजारच्या दोन बायका बघायला आल्या होत्या. मी दहा स्क्रू काढले, झाकण उघडलं, आणि आत त्या पट्टीला बसायला जागाच नव्हती.

एक जागा होती म्हणा. पण तिथं आधीच एक छोटं कार्ड बसलेलं होतं आणि त्याला दोन बारीक वायरी, एक काळी आणि एक पांढरी. हे कार्ड उगीचच जागा अडवून बसलंय असं माझं मत झालं. मी वायरी उपटल्या, कार्ड काढलं आणि पट्टी लावून बघितली. आडवी, उभी, उलटी. ती काही बसली नाही. शेजारची एक बाई म्हणाली, जरा दाबून बघा की. मी दाबून बघितलं. मग भीती वाटली म्हणून पुन्हा कार्ड लावलं, पण त्या वायरी काही केल्या जागेवर बसेनात. शेवटी आतलं कसं होतं ते विसरू नये म्हणून मोबाईलवर फोटो काढला (हा फोटो आधी काढायचा असतो), आणि झाकण लावून टाकलं.

लॅपटॉप चालू केला. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. वेग तोच होता, पण वाय-फाय गेलं होतं.

मी सांगितलं की इंटरनेट मुद्दामच बंद केलंय, त्यानं मशीनवरचा ताण कमी होतो. मामी बराच वेळ पडद्याकडं बघत होत्या.

"आधी सावकाश चालायचं, पण चार लोकांशी बोलायचं तरी," त्या म्हणाल्या. "आता मुकं झालं."

परत येताना गाडीवर मागं बसलेल्या सुजातानं हळूच विचारलं, अभिजितला एकदा फोन करू का. मी नको म्हणालो. वारा जास्त असल्यामुळं तिला ऐकू गेलं नसेल असं समजून आणखी दोनदा नको म्हणालो.

शाहूपुरीतल्या मालकांनी मोबाईलवरचा फोटो मोठा करून बघितला. लोंबत्या वायरी बघून त्यांनी फक्त एक सुस्कारा सोडला. ते वाय-फायचं कार्ड आहे आणि त्या वायरी टिचबटणासारख्या वरून दाबून बसवायच्या असतात, असं त्यांनी समजावलं. मग म्हणाले, एवढ्या जुन्या लॅपटॉपला ही पट्टी कधीच बसणार नाही. ह्याला साटा लागतं. साटा म्हणजे जुन्या पद्धतीच्या जोडणीची डिस्क. अडीच इंची, पत्त्यांच्या जोडासारखी चपटी पेटी, आणि जुनी तबकडी काढली की बरोबर तिच्याच जागी बसते. भला माणूस, त्यांनी पट्टी परत घेऊन मला पेटी बदलून दिली.

मी दुकानातूनच मामींना आनंदाची बातमी दिली. म्हणालो, मामी, काळजी मिटली, साटा मिळालंय.

फोनवरून मामींचा आवाज आला, "पावणं, साटंलोटं न्हाय करत आपण. एका घरात भांडण लागलं की दुसऱ्या घरातलीबी पोरगी म्हायेराला येतीया. कुणाची स्थळं हायती ती?"

साटंलोटं म्हणजे एका घरातले भाऊ-बहीण दुसऱ्या घरातल्या बहीण-भावाला द्यायचे, अशी दुहेरी सोयरीक. मी समजावून सांगायला लागलो, पण दुकानात गिऱ्हाइकांचा गोंगाट होता आणि मामींच्या बाजूला मिक्सर चालू झाला होता. दुपारी मला जयसिंगपूरहून एका अनोळखी गृहस्थांचा फोन आला. त्यांना एक मुलगा आणि एक मुलगी होती. तुमच्याकडं साटं आलंय असं कुरुंदवाडहून कळलं, म्हणाले, जरा माहिती द्या. मी गाडी चालवत होतो. मला वाटलं, कुणीतरी डिस्कबद्दलच विचारतंय.

"चांगलं आहे," मी म्हणालो. "पाचशेचं आहे."

"पाचशे काय, पावणं?"

"जीबी."

ते म्हणाले की त्यांना शेती असलेलंच घर हवं होतं.

पुढच्या शनिवारी मी पूर्ण तयारीनं गेलो. पेटी खरोखरच तबकडीच्या जागी बसली. म्हणजे बसली, पण जरा पातळ होती, त्यामुळं आत खुळखुळत होती. मामींनी कपाटातून एक जुनी लग्नपत्रिका काढून दिली. ती चौघडी करून खाली सारली, तेव्हा पेटी घट्ट झाली. टिचबटणंही लागली. माझा आत्मविश्वास दोन आठवड्यांत प्रथमच खरा वाटायला लागला.

आता राहिलं होतं जुन्या तबकडीवरची सगळी माहिती नव्या पेटीवर उतरवून घ्यायचं. मालकांनी त्यासाठी एक वायर आणि एक पेनड्राइव्ह दिला होता. वायरीनं जुनी तबकडी बाहेरून जोडली, पेनड्राइव्ह लावला, आणि पडद्यावर दोन चौकोन आले. एकावर लिहिलं होतं सोर्स, दुसऱ्यावर टार्गेट. कुठली डिस्क कुठल्या चौकोनात घालायची ते मला ठरवायचं होतं.

इथं माझा पंचवीस वर्षांचा नोकरीचा अनुभव आडवा आला. आमच्या ऑफिसात टार्गेट वरून येतं. भरलेलं असतं, जड असतं, आणि ते आपल्याला उतरवून घ्यावं लागतं. तेव्हा भरलेली जुनी तबकडी हेच टार्गेट, ह्याबद्दल मला शंकाच वाटली नाही. पडद्यानं इंग्रजीत एकदा विचारलं, नक्की ना. मी होय म्हटलं. त्यानं लाल अक्षरांत पुन्हा विचारलं. यंत्रांना हल्ली फार बोलायची सवय लागलीय, असं म्हणून मी पुन्हा होय म्हटलं.

काम सुरू झालं, एक टक्का, दोन टक्के. तेवढ्यात मामींनी हाक मारली. त्यांच्याकडं जेवण दिवस मावळायच्या आत होतं, त्यात जावयालाही सूट नाही. दोडक्याची भाजी, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि काम मार्गी लागलं म्हणून खास बासुंदी. मी दोनदा वाटी भरून घेतली. मामा म्हणाले, सावकाश जेवा. मी सावकाश जेवलो. आतल्या खोलीत तेवढ्या वेळात अकरा वर्षांची स्थळं एकेक करून पुसली जात होती.

हात पुसत आत आलो तेव्हा पडद्यावर शंभर टक्के यशस्वी असं आलं होतं. मी सगळ्यांना बोलावून ते दाखवलं. मग लॅपटॉप बंद करून चालू केला. काळा पडदा आला आणि वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ उघडझाप करत राहिली. पेटी काढून जुनी तबकडी परत बसवली. तोच काळा पडदा आणि तीच रेघ. यंत्रानं सांगितलेलं काम चोख केलं होतं, नवी कोरी पेटी जुन्या तबकडीवर उतरवली होती. दोन्ही डिस्का आता हुबेहूब सारख्या झाल्या होत्या. दोन्ही रिकाम्या.

मामी दारात उभ्या होत्या. मी म्हणालो, सेटिंग थोडं राहिलंय, कोल्हापूरला नेऊन करून आणतो. लॅपटॉप, पेटी, तबकडी, सगळं पिशवीत भरलं आणि निघालो. अभिजितला फोन करू का, असं ह्या वेळी सुजातानं वाटेत विचारलं नाही. तिनं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

सोमवारी शाहूपुरीतल्या मालकांनी तबकडी दोन-तीन प्रकारे तपासली. मग चष्मा कपाळावर नेऊन म्हणाले, "पावणं, कोऱ्याची कोरी नक्कल काढलीसा तुमी. भिंतीवर लिव्हलेलं असतंय न्हवं, त्यावर चुना मारल्यागत झालंय." त्यातनं काही निघणार नाही, हे त्यांनी हळू आवाजात सांगितलं, एखाद्या घरी निरोप द्यावा तसं. नव्या पेटीवर विंडोज घालून त्यांनी लॅपटॉप चालू करून दिला. बटण दाबलं आणि मी खुर्चीत टेकेपर्यंत तो उघडला. इतका रिकामा आणि इतका वेगवान लॅपटॉप मी आयुष्यात बघितला नव्हता.

घरी येऊन मी सुजाताला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती चिडेल. तिनं फक्त विचारलं, "आईला कोण सांगणार?" आणि उत्तराची वाट न बघता पिशवी भरायला घेतली. मी ऑफिसला आठवड्याची रजा टाकली.

मंगळवारी सकाळी मामी बाहेरच्या सोप्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी समोर खाली बसलो आणि सांगून टाकलं. टार्गेटचं, दोनदा होय म्हटल्याचं, आणि अभिजितना विचारलं नाही तेही. मामींचा हात सुपात थांबला.

"आलास गावची एक पोरगी हाय," त्या म्हणाल्या. "बाप न्हाय तिला. तिच्या आईनं फोटो हातात देताना माझा हात धरलता. लोकांनी विश्वासानं दिलतं पावणं ते सगळं."

त्या वेळी मला जे वाटलं ते विनोदी लेखात कसं लिहायचं हे मला अजून जमलेलं नाही. मी मान खाली घालून सुपातला एक खडा उचलला. तोही तांदूळच निघाला.

मग मामींनी सूप बाजूला सारलं आणि पदर खोचला. "चालू करा तुमचं ते यंत्र," म्हणाल्या. "लिव्हा."

पुढचे चार दिवस मामी बोलत होत्या आणि मी टाईप करत होतो. त्यांना सगळं पाठ होतं, पण नावाच्या क्रमानं नव्हे, एसटीच्या मार्गानं. कुरुंदवाडच्या स्टँडवरून गाडी सुटायची, शिरढोण, टाकवडे करत इचलकरंजीला जायची, आणि प्रत्येक गावात डाव्या हाताची घरं आधी, मग उजव्या हाताची. मध्येच मी कुठली जन्मतारीख चुकवली की गाडी मागं घ्यायची. सुजाता एकेका घरी फोन करून फोटो नव्यानं मागवत होती. आलासच्या मुलीचा फोटो तिच्या आईनं त्याच संध्याकाळी धाडला, उलट आधीच्यापेक्षा चांगला. तो लॅपटॉपवर उघडला तेव्हा कपाळ, भुवया, नाक, हनुवटी सगळं एकदम आलं. मामी पहिल्यांदा हसल्या.

आता मामी सांगत तेव्हा नुसती माहिती सांगत नसत. "उंची पाच-सात सांगत्यात, पाच-चार धरा. पोरगं गुणी हाय, पण जेवताना मोबाईल सोडत न्हाय. ही पोरगी हुशार हाय, आई बोलू देत न्हाय. ह्याचा बाप तापट हाय, पण दुपारी झोपतो, तवा गेलं तर चालतंय." त्यांचा वेग असा, की काय घ्यायचं आणि काय गाळायचं ह्याचा विचार करायला मला सवडच नव्हती. म्हणून मी शेवटी एक रकाना काढला, त्याला शेरा असं नाव दिलं, आणि हे सगळं त्यात घालत गेलो. मेळाव्याआधी तो रकाना झाकून टाकायचा, असं मी पक्कं ठरवलं होतं.

पक्कं ठरवलेल्या गोष्टी मी पुढच्या दिवसासाठी ठेवतो.

रविवारी हॉल गच्च भरला होता. अभिजितही पुण्याहून आले होते. मामी माईकपाशी बसल्या आणि मी लॅपटॉपपाशी. पहिल्या मुलाचं नाव पुकारलं, मी बटण दाबलं, आणि पडद्यावर सगळं एकदम आलं. नाव, शिक्षण, उंची पाच फूट सात इंच, आणि उजवीकडं ठळक अक्षरांत शेरा: उंची पाच-चार धरा.

जुना लॅपटॉप असता तर नावाचं पहिलं अक्षर उमटेपर्यंत मी वायर ओढून काढली असती. पण ह्याला आता वेग आला होता. मी घाईनं रकाना झाकायला गेलो आणि घाईत पुढचं पान आलं. त्यावर तापट बाप आणि त्यांच्या झोपेची वेळ. ते गृहस्थ दुसऱ्या रांगेत बसले होते. मी मागं गेलो, पुन्हा पाच-चार आले. मी मामींकडं बघितलं नाही. बघायची हिंमतच नव्हती.

मग पहिला मुलगा स्वतःच उभा राहिला. गोरामोरा झाला होता, पण आवाज स्पष्ट होता. "बरोबर हाय," म्हणाला. "पाच-चारच हाय मी. घरच्यांनी वाढवून सांगितलंय."

मुलींच्या बाजूनं कुणीतरी खुदकन हसलं, मग हळूहळू सगळा हॉल हसायला लागला. तापट गृहस्थसुद्धा हसले, जरा उशिरा. एक आजोबा उठून म्हणाले की तो शेवटचा रकाना जरा मोठ्या अक्षरात करा, मागनं वाचता येत नाही. मामींनी माईक जवळ ओढला आणि एकेक शेरा स्वतःच्या आवाजात वाचायला सुरुवात केली, जिथं दुखेल असं वाटलं तिथं शब्द बदलून. चहाच्या वेळी पाच-चारच्या मुलाभोवती तीन घरची माणसं होती. त्यातलं एक आलासचं होतं. त्यांचं पुढं जमलं. मामींना साडी मिळाली, पत्रिका हातात मिळाली, आणि सुजातालाही ब्लाउजपीस मिळालं.

हॉल रिकामा होत आला तेव्हा अभिजित माझ्याजवळ आले. बराच वेळ घुटमळले. मग म्हणाले, "अण्णा, एक सांगायचं होतं. मामींच्या सगळ्या माहितीची एक कॉपी माझ्याकडं आहे. मी दर दिवाळीला येतो तेव्हा घेऊन जातो, मामींना हे कधी बोललो नाही. मला एक फोन केला असता तर..."

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. तेवढा सभ्यपणा त्यांच्यात आहे. मी शांतपणे त्यांच्या पेनड्राइव्हवरची ती कॉपी बघायला घेतली. मामींची आठवण कितपत बरोबर होती ते ताडून बघू, असं सांगितलं. मामींची एकच चूक सापडली, एका मुलीची जन्मवेळ दहा मिनिटांनी पुढं-मागं. ताडत ताडत खाली गेलो तर वहीतून चढवलेल्या जुन्या नोंदींमध्ये माझंच नाव दिसलं. मामींनी स्वतःच्या मुलीसाठी मला बघितलं होतं, तेव्हाची नोंद. शिक्षण, पगार, रंग गव्हाळ. आणि स्वभावाच्या पुढं लिहिलं होतं: मोठ्यांना विचारल्याशिवाय कुठलंही काम करत नाही.

मामी माझ्या खांद्यावरून वाचत होत्या हे मला उशिरा कळलं.

"तुमच्या आईनं सांगितलं तसं लिव्हलं," त्या म्हणाल्या. "तवा आपल्याकडं शेऱ्याचा रकाना न्हवता."

मी फाईल बंद केली आणि अभिजितना म्हणालो, ही कॉपी आता जुनी झालीय, ठेवून उपयोग नाही. इकडं द्या, मी पुसून देतो. तेवढं काम मला खरंच येतं.